लिस्बन ते हेलसिंकी विमानप्रवास: अंतर, वेळ आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपच्या नैर्ऋत्य टोकाला लिस्बन, ईशान्य टोकाला हेलसिंकी. दोन्ही शहरं युरोपीय संघात, दोन्हीकडे युरो चालतो, म्हणून लोक हा प्रवास मुंबई-दिल्लीसारखा धरून चालतात आणि मग फसतात. फिनलंडमध्ये नोकरीला असलेली आणि हिवाळ्यात ऊन शोधत पोर्तुगालला निघणारी मराठी कुटुंबं, त्यांच्याकडे राहायला आलेले आई-बाबा, आणि सहलीत ही दोन शहरं जोडू पाहणारे प्रवासी नेहमी जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

लिस्बन ते हेलसिंकी हवाई अंतर किती?

विमानतळ ते विमानतळ सुमारे ३,३६५ किलोमीटर. मैलांत सुमारे २,०९०, आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत सुमारे १,८१७.

अंदाज यावा म्हणून सांगतो: काश्मीर ते कन्याकुमारी ही आपल्या देशाची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. म्हणजे हा प्रवास त्याहूनही दीडशे किलोमीटरने मोठा. मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण १,१५० किलोमीटर, त्याच्या जवळजवळ तिप्पट.

वेगवेगळ्या संकेतस्थळांवर वेगवेगळे आकडे का दिसतात?

कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी विमानतळापासून. कुणी पृथ्वी अगदी गोल धरतं, तर कुणी ध्रुवांकडे किंचित चपटी. या कारणांनी दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे होतात आणि त्याने काही बिघडत नाही. पण कुठे साडेचार हजारांच्या आसपासचा आकडा दिसला, तर तो रस्त्याचा आहे, हवाई नाही. एकाच पानावर दोन्ही आकडे शेजारीशेजारी दिलेले असतात आणि घाईत चुकीचा उचलला जातो.

नकाशावर दोन्ही शहरांमध्ये सरळ रेघ ओढली, तर विमान तिच्यावरूनच जातं का?

नाही, आणि या मार्गावर तो फरक फार छान दिसतो.

शाळेच्या भिंतीवर असतो त्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावर लिस्बन-हेलसिंकी पट्टीने जोडा. रेघ जवळजवळ बरोब्बर ४५ अंशांवर येते, म्हणजे शुद्ध ईशान्य. होकायंत्र ईशान्येला लावून तीच दिशा शेवटपर्यंत धरली तरी हेलसिंकी येईल, पण ३,३९४ किलोमीटर कापून. पृथ्वी गोल असल्यामुळे खरा सर्वांत जवळचा मार्ग वेगळा आहे. लिस्बनहून निघताना तो उत्तरेकडे जास्त झुकतो, साधारण ३३ अंशांवर, आणि हळूहळू उजवीकडे वळत हेलसिंकीजवळ ६० अंशांवर येतो. गोलावर दोरा ताणून धरला की तो आपोआप याच वाटेवर बसतो. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि वर दिलेला ३,३६५ चा आकडा याच मार्गाचा आहे.

बचत तीसेक किलोमीटरची, म्हणजे दोन-तीन मिनिटांची. अटलांटिक किंवा उत्तर ध्रुवाजवळून जाणाऱ्या लांब उड्डाणांत हीच बचत शेकडो किलोमीटरची होते. म्हणून तिथे पडद्यावरची वाट नकाशात वाकडी दिसते आणि प्रवासी चक्रावतात.

वाटेत कोणकोणते देश लागतात?

हा माझा आवडता प्रश्न. ही एक रेघ अर्धा युरोप शिवत जाते. लिस्बन सोडलं की आधी पोर्तुगालचा अंतर्भाग, मग स्पेनचा वायव्य भाग. आस्तुरियासमध्ये हिखोन शहराच्या थोडं पूर्वेला स्पेनचा किनारा संपतो आणि बिस्केचा उपसागर लागतो. त्यानंतर फ्रान्सच्या व्हांदे भागाच्या किनाऱ्याने पुन्हा जमीन सुरू होते. ल मां शहर, जिथे २४ तासांची मोटारशर्यत होते, ते रेघेच्या अगदी जवळ आहे. पॅरिस उजव्या हाताला पन्नासेक किलोमीटरवर राहतं. ब्रसेल्स जवळजवळ पायाखाली येतं.

मग नेदरलँड्सचा तुकडा, जर्मनीचा वायव्य भाग, बाल्टिकच्या तोंडाशी असलेलं कील बंदर. पुढे डेन्मार्क, आणि गंमत म्हणजे कोपनहेगन या रेघेवर नेमकं बसतं. तिथून दक्षिण स्वीडन, गॉटलंड बेटाच्या उत्तरेचा बाल्टिक समुद्र आणि मग फिनलंडचा किनारा. निघणारा आणि पोहोचणारा देश धरून आठ-नऊ देश होतात.

प्रत्यक्ष विमान या रेघेला चिकटून राहत नाही. हवाई वाहतूक नियंत्रण, गर्दी, ढगांची गडगडाट, लष्करी सरावासाठी राखलेली हवाई हद्द, वारा या सगळ्यांमुळे वाट दरवेळी थोडी बदलते. एखाद्या दिवशी ती बिस्केवर जास्त पश्चिमेकडून जाईल, एखाद्या दिवशी पॅरिसच्या दक्षिणेकडून. प्रत्यक्षात कापलेलं अंतर त्यामुळे कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्तच भरतं.

थेट विमानाला किती वेळ लागतो?

लिस्बनहून हेलसिंकीला साधारण साडेचार ते पावणेपाच तास. हेलसिंकीहून लिस्बनला साधारण पावणेपाच ते पाच तास, कधी थोडे जास्त.

हा हिशेब कसा बनतो ते एकदा समजून घेतलं की कुठल्याही दोन शहरांचा अंदाज स्वतः काढता येतो. या मार्गावर एअरबस ए३२० घराण्यातली अरुंद विमानं उडतात. उंचीवर स्थिर झाल्यावर त्यांचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास असतो. ३,३६५ ला ८३० ने भागा: चार तास तीन-चार मिनिटं. आता वर चढताना आणि खाली उतरताना विमान एवढ्या वेगात नसतं, आणि वाट थोडी वाकडी असते, त्याची वीस-पंचवीस मिनिटं धरा. शिवाय गेटपासून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर धावपट्टीपासून गेटपर्यंत विमान जमिनीवर रांगत जातं, त्याची पंधरा-वीस मिनिटं. बेरीज पावणेपाच तासांच्या घरात जाते.

तिकिटावर छापलेला वेळ हा गेट ते गेट असतो. म्हणजे विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून ते दुसऱ्या गेटवर थांबतं तिथपर्यंत. हवेतला वेळ त्याहून कमी असतो. म्हणूनच कॅप्टन ध्वनिक्षेपकावरून ‘उड्डाण चार तास दहा मिनिटांचं आहे’ म्हणतात आणि तिकिटावर पावणेपाच दिसतात. दोघंही खरंच सांगत असतात. कंपन्या वेळापत्रकात थोडी सूट ठेवतात, म्हणून मोकळ्या दिवशी विमान वेळेआधीही पोहोचतं.

तिकिटावर दुपारी १२ ला निघून संध्याकाळी पावणेसातला पोहोचतो असं आहे. म्हणजे पावणेसात तास?

नाही. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. हेलसिंकीचं घड्याळ लिस्बनच्या दोन तास पुढे आहे.

लिस्बनहून दुपारी १२ ला निघालात आणि पावणेपाच तास लागले, तर लिस्बनच्या घड्याळात पावणेपाच आणि हेलसिंकीच्या घड्याळात पावणेसात वाजलेले असतात. उलट, हेलसिंकीहून दुपारी १२ ला निघून पाच तासांनी उतरलात, तर लिस्बनमध्ये दुपारचे फक्त ३ वाजलेले असतात. पाहणाऱ्याला वाटतं की येताना विमान तीन तासांतच आलं. खरा वेळ काढायचा तर जाताना दोन तास वजा करा, येताना दोन तास मिळवा.

याचा व्यवहारात उपयोग असा, की हेलसिंकीहून सकाळी निघालं तर लिस्बनमध्ये जवळजवळ अर्धा दिवस हाताशी राहतो. लिस्बनहून दुपारी निघालं तर तो दिवस संपलाच म्हणायचा. डिसेंबरात तर हेलसिंकीत सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळलेला असतो.

घड्याळं पुढे-मागे करतात तेव्हा हा दोन तासांचा फरक बदलतो का?

बदलत नाही. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपूर्ण युरोपीय संघात घड्याळं एकाच क्षणी बदलतात, म्हणून दोन्ही शहरं एकत्रच सरकतात. बारा महिने फरक दोन तासच.

भारताशी असलेला फरक मात्र बदलतो, कारण आपलं घड्याळ हलत नाही. हिवाळ्यात हेलसिंकी भारतापेक्षा साडेतीन तास मागे आणि लिस्बन साडेपाच तास मागे. उन्हाळ्यात हेच अडीच आणि साडेचार होतात. पुण्यात रात्री १० वाजता आईला फोन करायचा असेल, तर हिवाळ्यात हेलसिंकीत संध्याकाळचे साडेसहा आणि लिस्बनमध्ये साडेचार वाजलेले असतात.

पोर्तुगालने १९९२ ते १९९६ या काळात मध्य युरोपची वेळ लावून पाहिली होती. देश एवढा पश्चिमेला, की हिवाळ्यात मुलं अंधारात शाळेत जाऊ लागली. शेवटी जुनी वेळ परत आणली.

जाताना वेळ कमी आणि येताना जास्त का लागतो?

वाऱ्यामुळे. या अक्षांशांवर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यातला सर्वांत वेगवान पट्टा म्हणजे जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातो. पूर्वेकडे जाताना हा वारा पाठीशी असतो, पश्चिमेकडे येताना तोंडावर.

हा मार्ग सरळ पूर्वेला जात नाही, तिरका जातो, म्हणून वाऱ्याचा पूर्ण फायदा मिळत नाही. सरासरी ५० किलोमीटरची मदत धरली, तर ३,३६५ किलोमीटर ताशी ८८० ने तीन तास पन्नास मिनिटांत होतात. तोच वारा समोरून असला तर ताशी ७८० ने चार तास वीस मिनिटं. म्हणजे अर्ध्या तासाचा फरक. जेट स्ट्रीम कधी बिस्केवर, कधी उत्तर समुद्रावर, कधी भूमध्य समुद्राकडे सरकतो. त्यामुळे हा फरक एखाद्या आठवड्यात जाणवतही नाही आणि एखाद्या आठवड्यात पाऊण तासाचा होतो.

थेट विमान घ्यावं की मध्ये बदलावं?

परवडत असेल तर थेटच घ्या, विशेषतः सोबत लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर. माझं मत याबाबत पक्कं आहे, आणि त्यामागे आकडे आहेत.

फ्रँकफर्टमार्गे गेलात तर लिस्बन-फ्रँकफर्ट सुमारे १,८७५ आणि फ्रँकफर्ट-हेलसिंकी सुमारे १,५४०, एकूण ३,४१५ किलोमीटर. म्हणजे अंतर वाढतं अवघं पन्नास किलोमीटर. कोपनहेगन तर रेघेवरच आहे, तिथे बदललं तर अंतर वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. पण वेळ? दोनदा चढणं, दोनदा उतरणं, मधली थांबायची वेळ. पावणेपाच तासांचा प्रवास सात-आठ तासांचा होतो, आणि मधलं विमान चुकलं तर दिवसच जातो. अंतर तेच असूनही दीडपट-पावणेदोनपट वेळ जातो. म्हणून एकट्या किलोमीटरच्या आकड्यावरून प्रवास आखू नका.

थेट सेवा फिनएअर आणि पोर्तुगालची टाप या दोन कंपन्यांची आहे. फिनएअर वनवर्ल्ड गटात, टाप स्टार अलायन्स गटात. त्यामुळे एका कंपनीचे जमवलेले मैल दुसरीकडे चालतील असं धरू नका. वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी बदलतं. उन्हाळ्यात पाहून ठेवलेली वेळ नोव्हेंबरात मिळेलच असं नाही.

बदलायचंच असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडून केलेल्या प्रवासात पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं निघून गेलं, तर दुसऱ्या कंपनीवर तुमची काहीच जबाबदारी राहत नाही.

विमानाला उशीर झाला किंवा ते रद्द झालं तर काय मिळतं?

युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम इथे लागू होतो. फेब्रुवारी २००५ पासून तो अमलात आहे. प्रवाशाने तो माहीत करून घेतलाच पाहिजे, कारण मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही.

भरपाई अंतरावर ठरते, आणि ते अंतर वर सांगितलेल्या बृहद्वृत्त पद्धतीनेच मोजायचं, असं नियमातच लिहिलं आहे. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो. संघाच्या आतल्या १,५०० पेक्षा लांब उड्डाणांना ४०० युरो. लिस्बन-हेलसिंकी यात बसतं, म्हणजे माणशी ४०० युरो. संघाच्या आत अंतर कितीही लांब असलं तरी आकडा ४०० च्या वर जात नाही. हेलसिंकी ते टेनेरिफ बेट सुमारे ४,७४० किलोमीटर आहे, तरीही ४०० च. संघाबाहेर जाणाऱ्या ३,५०० किलोमीटरपेक्षा लांब उड्डाणांना मात्र ६०० युरो. हेलसिंकी-मुंबई सुमारे ५,९०० किलोमीटर, म्हणून हेलसिंकीहून मुंबईचं तिकीट काढून निघालात तर हा वरचा टप्पा लागतो.

अंतिम मुक्कामी तीन तास किंवा जास्त उशिरा पोहोचलात तरीही भरपाई मिळते. युरोपीय न्यायालयाने हे २००९ मध्ये स्पष्ट केलं. वादळ, बर्फ, हवाई नियंत्रकांचा संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर पैसे मिळत नाहीत. पण खाणंपिणं, आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल, हे तेव्हाही द्यावंच लागतं. या मार्गावर तीन तासांच्या उशिरापासून खाण्यापिण्याचा हक्क सुरू होतो. पाच तास किंवा जास्त उशीर असेल आणि जायचंच नसेल, तर तिकिटाचे पैसे परत मागता येतात.

मध्ये विमान बदललं असेल, तरी एकाच तिकिटावर असाल तर अंतर सुरुवातीपासून शेवटच्या मुक्कामापर्यंत सरळ मोजतात, वळसा धरत नाहीत. २०१७ चा निकाल आहे तसा.

बोर्डिंग पास जपून ठेवा, फलकावरच्या उशिराच्या सूचनेचा फोटो काढा, आणि विमानाचं दार किती वाजता उघडलं ते लिहून ठेवा. पोहोचण्याची वेळ दार उघडण्याची धरतात, चाकं टेकण्याची नाही. दोन तास अठ्ठावन्न मिनिटं की तीन तास दोन मिनिटं, यावर माणशी ४०० युरो अवलंबून असतात.

पासपोर्ट तपासणी होते का? भारतीयांना दोन व्हिसा लागतात का?

दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत, पोर्तुगाल १९९५ पासून आणि फिनलंड २००१ पासून. म्हणून थेट विमानाला सीमेवरची तपासणी नसते आणि एकच शेंगेन व्हिसा पुरतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी हरकत नाही, कारण लिस्बनहून हेलसिंकीला जाणं हा नवा प्रवेश नाही. पण तुम्ही लंडनमार्गे विमान बदललंत आणि तिथे शेंगेनच्या बाहेर पडलात, तर परत येणं हा दुसरा प्रवेश होतो. आई-बाबांचं तिकीट काढताना स्वस्त म्हणून ब्रिटनमार्गे पर्याय दिसला तर हे आधी तपासा. शिवाय ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही पाहावं लागतं.

पासपोर्ट मात्र सोबत ठेवाच. चढताना ओळखपत्र मागतात, आणि भारतीय नागरिकाला तिथे आधार कार्डाचा उपयोग नाही.

लिस्बन विमानतळाबद्दल काय माहीत असावं?

उंबेर्तो देलगादो विमानतळ १९४२ मध्ये सुरू झाला. शहराने त्याला आता चहूबाजूंनी वेढलं आहे, म्हणून केंद्रापासून तो सातेक किलोमीटरवरच आहे आणि मेट्रोची लाल मार्गिका २०१२ पासून थेट तिथे येते. शहराजवळ असण्याची ही सोय, पण वाढायला जागा नाही. युरोपातल्या मोठ्या विमानतळांपैकी असूनही काम एकाच धावपट्टीवर चालतं. सकाळी आणि संध्याकाळी रांग लागली की निघणारी विमानं जमिनीवर आणि येणारी हवेत थांबतात. तुमचा पावणेपाच तासांचा प्रवास बिघडवणारी सर्वांत संभाव्य गोष्ट कोणती असेल, तर ती ही.

टर्मिनल २ मधून फक्त काही स्वस्त कंपन्यांची विमानं सुटतात आणि तिथे टर्मिनल १ वरून बसने जावं लागतं. हेलसिंकीची थेट विमानं टर्मिनल १ वरची.

नवा विमानतळ ताग नदीच्या पलीकडे अल्कोशेते भागात करायचा निर्णय पोर्तुगाल सरकारने मे २०२४ मध्ये घेतला आणि त्याला लुईस द कामोइश यांचं नाव द्यायचं ठरवलं. पोर्तुगालचा हा सर्वांत मोठा कवी सोळाव्या शतकात गोव्यात राहिला होता. गोवेकरांना आणि कोकणातल्या आपल्या लोकांना तो विमानतळ त्या नावाने ऐकायला आवडेल असं मला मनापासून वाटतं.

हेलसिंकी विमानतळाचं काय? हिवाळ्यात बर्फामुळे विमानं बंद पडतात का?

विमानतळ खरं तर शेजारच्या वांता शहरात आहे, १९५२ च्या ऑलिंपिकसाठी सुरू झालेला. तीन धावपट्ट्या आणि सगळं एकाच टर्मिनलमध्ये. २०१५ पासून रेल्वेचा वळसामार्ग विमानतळाखालून जातो. आय आणि पी अक्षरांच्या गाड्या अर्ध्या तासात हेलसिंकीच्या मुख्य स्थानकात पोहोचवतात.

बर्फाने बंद पडणं तिथे फार विरळ. बर्फ काढायची यंत्रं एकामागे एक तिरकी रांग करून धावपट्टीवरून जातात. पुढची ढकलते, मागची झाडते, त्यामागची वाऱ्याने फुंकते, आणि काही मिनिटांत पट्टी काळी होते.

वेळ जातो तो पंखांवरचा बर्फ काढण्यात. खिडकीशेजारी बसला असाल तर पाहा: लांब हाताचं वाहन पंखाजवळ येतं, वर काचेच्या खोलीत बसलेला माणूस गरम द्रवाचा फवारा मारतो, आणि वाफेच्या ढगात पंख दिसेनासा होतो. मग दुसरा, दाट हिरवा द्रव. तो पंखाला मधासारखा चिकटून राहतो आणि विमान वेग घेईपर्यंत नवा बर्फ धरू देत नाही. विमान धावू लागलं की तो ओघळत मागे जाताना दिसतो. या द्रवाचा असर ठरावीक मिनिटंच टिकतो. त्या आत उड्डाण झालं नाही तर सगळं पुन्हा करावं लागतं. पंखावरचा पातळ थरही विमानाला उचलणाऱ्या हवेचा प्रवाह बिघडवतो, म्हणून यात कुणी तडजोड करत नाही. डिसेंबर ते मार्च हेलसिंकीहून निघताना यासाठी दहा-वीस मिनिटं जास्तीची धरा.

कोणत्या बाजूची खिडकी घ्यावी?

लिस्बनला उतरताना उजवी. तिथे बहुतेक वेळा उत्तरेकडचा वारा असतो, विमान दक्षिणेकडून येतं. ताग नदी, २५ एप्रिल पूल आणि पलीकडचा ख्रिस्ताचा उंच पुतळा यांच्या अगदी जवळून ते शहरावर येतं. जुनं शहर आणि टेकडीवरचा किल्ला उजव्या हाताला राहतात. छपरांवरची लाल कौलं मोजता येतील इतक्या खालून विमान जातं. वारा दक्षिणेचा असेल तर हे काहीच दिसत नाही.

हेलसिंकीला उतरताना दिवस असेल तर कुठल्याही बाजूने किनाऱ्यालगतची शेकडो बेटं दिसतात.

रशियाची हवाई हद्द बंद असल्याचा किंवा जीपीएसच्या अडथळ्यांचा परिणाम होतो का?

हवाई हद्दीचा नाही. फेब्रुवारी २०२२ नंतर फिनलंडहून आशियात जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडू लागला, पण लिस्बनची वाट पूर्णपणे पश्चिमेकडची आहे.

बाल्टिकच्या पूर्व भागात जीपीएसमध्ये अडथळे येतात हे खरं. एस्टोनियातल्या तार्तूला उतरायची पद्धत जीपीएसवरच अवलंबून होती, म्हणून फिनएअरने २०२४ मध्ये तिथली सेवा महिनाभर थांबवली होती. हेलसिंकीला जमिनीवरून रेडिओ संकेत देणारी उतरण्याची यंत्रणा आहे, त्यामुळे तिथे उतरणं जीपीएसवर अडत नाही.

रेल्वेने किंवा गाडीने जाता येईल का?

गाडीने जाता येतं. स्पेन, फ्रान्स, जर्मनी, पोलंड, मग लिथुआनिया, लॅटविया, एस्टोनिया, आणि टाल्लिनहून बोटीने दोन तासांत हेलसिंकी. रस्ता साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास. रोज आठ-नऊ तास चालवलं तरी पाच-सहा दिवस.

रेल्वेचं अवघड आहे. लिस्बनहून स्पेन आणि फ्रान्सकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या २०२० मध्ये थांबल्या. शिवाय रुळांची रुंदी जुळत नाही: पोर्तुगालमध्ये १,६६८ मिलिमीटर, फ्रान्स-जर्मनीत १,४३५, फिनलंडमध्ये १,५२४. आपला भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे पोर्तुगालच्या रुळापेक्षा फक्त आठ मिलिमीटर रुंद. टाल्लिनपासून पोलंडपर्यंत प्रमाण रुंदीचा रेल बाल्टिका मार्ग सध्या बांधला जातोय. तो झाल्यावर निदान पूर्वेकडचा अर्धा भाग सोपा होईल.

विमानतळावर किती आधी पोहोचावं?

सामान टाकायचं असेल तर लिस्बनला दोन ते अडीच तास आधी, आणि जून ते सप्टेंबर किंवा ख्रिसमसच्या आसपास तीन तास. हेलसिंकीला दोन तास पुरतात. हातातली बॅगच असेल आणि चेक-इन घरूनच झालं असेल, तर दीड तासातही होतं. सामान स्वीकारणं सुटण्याच्या किती आधी बंद होतं, ते कंपनीगणिक वेगळं असतं. तेवढं तिकिटावर पाहून घ्या. घरून निघण्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा पूर्ण हिशेब केला, तर थेट विमानालाही आठ-साडेआठ तास लागतात. त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका.